दोन बोटांची फट

आमच्या जेवणाच्या टेबलाला आठ पाय आहेत. नवीन माणूस जेवायला आला की त्याचा गुडघा हमखास कुठल्यातरी पायावर आपटतो. तो खाली वाकतो, पाय मोजतो आणि माझ्याकडे बघतो. मी आधी हसून घेतो, मग सांगतो.

टेबल माझ्या सासऱ्यांनी केलं, त्यांच्यामागे ते आमच्याकडे आलं. त्यांनी ते तीनदा केलं म्हणा ना. एकदा बनवलं, एकदा कापलं आणि एकदा जोडलं.

सासरे सुतार होते. सगळे त्यांना गुण्या मिस्त्री म्हणायचे. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं अवजार, आणि माणूसही अगदी तस्साच. दाराची चौकट केसभर कलली तरी ती उखडून पुन्हा बसवणार, गिऱ्हाईक ‘राहू द्या हो’ म्हणून हात जोडत असलं तरी. मी त्याच कारखान्यात पॉलिशवाला. माझ्या कामावरून ते बोट फिरवायचे आणि एकच वाक्य बोलायचे, ‘पुन्हा घासा.’ तिसऱ्यांदा घासताना मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांची एक ख्रिस्ती मंडळी होती. साठ-सत्तर घरं, एक साधी प्रार्थनेची खोली आणि दाराशेजारी टांगलेला बेचाळीस नियमांचा तक्ता. त्याची एक प्रत प्रत्येकाच्या घरातही असायची. रेडिओ नाही, अंगठी नाही, रविवारी सुई-दोरा हातात धरायचा नाही. अकरावा नियम शिट्टीचा. मी दिवसभर शिट्टी वाजवत पॉलिश करणारा, म्हणजे सुरुवातच झकास. सासरे त्या मंडळीच्या पाच कारभाऱ्यांपैकी एक होते. कुणी नियम मोडला तर समजावायला जायचं काम त्यांच्याकडे असे, आणि ते समजावणं म्हणजे एक घाव दोन तुकडे.

त्यांची मुलगी दुपारी डबा घेऊन कारखान्यात यायची. पुढचं काय सांगू! दोन वर्षं आम्ही लपवलं, मग तिनंच एके दिवशी घरी सांगून टाकलं. मंडळीबाहेर लग्न म्हणजे नियम नववा. तिला बाहेर काढायचं की नाही यावर भर प्रार्थनेच्या खोलीत हात वर करायला लावले. पाचही कारभाऱ्यांचे हात वर गेले. माझ्या बायकोनं त्यातला एकच हात बघितला.

सतरावा नियम असा होता की बाहेर काढलेल्या माणसाबरोबर एका टेबलावर बसून जेवायचं नाही. मग तो बाप असो, बहीण असो, कुणीही असो.

लग्नानंतर चार महिन्यांनी सासूबाईंचा निरोप आला, जेवायला या. मला जायचं नव्हतं. बायको म्हणाली, आईनं बोलावलंय, मी जाणार. गेलो. दार उघडलं तर आत लाकडाचा ताजा वास आणि जमिनीवर थोडा भुसा. जेवणाचं टेबल मधोमध कापलेलं. स्वतःच्या लग्नात त्यांनी ते स्वतःच्या हातानं बनवलं होतं, वरची फळी एकसंध. ती करवतीनं आडवी कापून दोन टेबलं केली होती. दोन पायांवर अर्धं टेबल उभं राहत नाही, म्हणून प्रत्येक तुकड्याला आणखी दोन पाय. दोन टेबलांमध्ये दोन बोटांची फट. ती फट कमी-जास्त होऊ नये म्हणून एक लाकडी पट्टी तासून खिळ्याला टांगलेली. जेवण्याआधी सासरे ती पट्टी फटीत घालून बघायचे, बरोबर असली की परत टांगायचे, आणि मगच प्रार्थना.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण आज इतक्या वर्षांनी एक गोष्ट कबूल करतो. त्या माणसाला मुलीला जेवू घालायचं होतं. नियम मोडायची हिंमत नव्हती आणि मुलीवाचून राहवत नव्हतं, म्हणून त्यानं आपल्या हातचं सगळ्यात चांगलं काम करवतीखाली घातलं. हे मला तेव्हा कळलं नाही. मला फक्त फट दिसली.

अशी नऊ वर्षं. दर पंधरवड्याला आम्ही जायचो. त्या बाजूला ते दोघं, या बाजूला आम्ही दोघं. हातातून हातात काही द्यायचं नाही, म्हणून मिठाच्या बरण्यासुद्धा दोन. सासूबाई दोन्ही टेबलांवर मिळून एकच मोठी चादर घालायच्या. सासऱ्यांनी तक्ता पाहिला, चादरीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, तेव्हा चादर राहिली. जेवताना बायको हूं की चूं करायची नाही. मी मात्र मुद्दाम शिट्टी वाजवत जिना उतरायचो.

बायकोनं प्रार्थना कधी सोडली नाही. मी एकदा चिडून विचारलं, ज्यांनी हाकललं त्यांच्याच देवापुढे कशी काय बसतेस? ती म्हणाली, पहिलं वर्ष मी नुसती रडले, मला वाटायचं येशूनंच मला काढलंय. मग हळूहळू समजलं, तो त्या खोलीत हात वर करणाऱ्यांमध्ये नव्हताच.

आमची मुलगी चार वर्षांची झाली. आजोबांवर तिचा फार जीव, आणि आजोबांचाही तिच्यावर. लहान मुलांना सतरावा नियम लागू नसायचा, त्यामुळे ती टेबलाच्या या बाजूनं त्या बाजूला वाटेल तशी फिरायची. एका दुपारी जेवण झाल्यावर तिला आजोबांना दूध द्यायचं होतं. सासूबाईंनी दिलेला गरम दुधाचा पेला दोन्ही हातांनी धरून ती आमच्या बाजूनं आली, टाचा उंचावल्या आणि पेला टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवला. चादर सपाट दिसत होती. खाली लाकूड नव्हतं. चादर फटीत खचली, पेला कलंडला आणि सगळं दूध पोरीच्या मांडीवर.

ती किंकाळी मी विसरणार नाही. सासरे ताडकन उठले, हात पुढे केले. पण मध्ये दोन टेबलं, आठ पाय, खुर्च्या. नात हाताच्या अंतरावर आणि हात काही पोचेना. शेवटी ते खुर्ची पाडून वळसा घालून आले, तिला उचललं आणि नळाखाली धरून कितीतरी वेळ पाणी सोडत राहिले. मोठे फोड आले होते. दवाखान्यातून पट्टी बांधून आणलं, पोरगी रडून रडून माझ्या खांद्यावर झोपली. मग सासरे म्हणाले की चूक चादरीची आहे, उद्यापासून चादर घालायची नाही.

सासूबाईंनी चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी ती ओली चादर घडी करून बाजूला ठेवली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “अहो, येशू पापी माणसांच्या घरी जेवायला बसायचा, तेव्हा फट किती बोटांची ठेवायचा?”

सासऱ्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं, आणि मला वाटतं, पहिल्यांदाच त्यांना तिथे उत्तर सापडलं नाही.

पुढच्या रविवारी ते बाकीच्या चार कारभाऱ्यांपुढे उभे राहिले. हे मला सासूबाईंनी सांगितलं. घडलेलं सगळं सांगून त्यांनी विनंती केली की सतरावा नियम काढून टाकावा. कारभाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांतले सगळ्यात थोरले म्हणाले, मुलीला भाजलं याचं वाईट वाटतं, पण नियमाचा काय दोष? चादर काढून टाका.

आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकले आणि त्यांचा चेहरा उतरला, असं सासूबाई म्हणाल्या. मग सासरे म्हणाले, “नऊ वर्षांपूर्वी मी हात वर केला होता. तो आज खाली घेतो.”

महिनाभरात त्यांनाही बाहेर काढलं. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, जन्मभर ज्या खोलीचे बाक स्वतः बनवले, त्या खोलीतून. सासूबाई त्यांच्या मागोमाग उठून आल्या. त्यांना कुणी काढायची वेळच आली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबल जोडायला घेतलं. मला बोलावलं. दोन्ही कडा रंधा मारून सरळ केल्या, खुंट्या बसवल्या, सरस लावला, शिकंज्यात आवळून दोन दिवस ठेवलं. पण करवत फिरली की तिच्या पात्याएवढं लाकूड भुसा होऊन जातं, ते काही परत येत नाही. फळीच्या रेषा एकमेकींना भेटेनात, सांधा ठळक दिसत होता. मी म्हटलं, रंग मिसळून असा लपवतो की तुम्हालाही सापडणार नाही. ते म्हणाले, नको, मला रोज दिसू दे. मधले जादा पाय काढू का विचारलं, तर त्यालाही नको म्हणाले.

मला वाटलं, झालं, संपलं. कसलं संपतंय!

त्या शनिवारी आम्ही जेवायला गेलो. टेबल एक, त्यावर ताटं चार. सासऱ्यांचं ताट मात्र त्यांच्या हातात. ते दाराजवळच्या स्टुलावर भिंतीला पाठ लावून बसले. बायकोनं विचारलं तेव्हा म्हणाले, “तुला नऊ वर्षं मी तिकडे बसवलं. आता नऊ वर्षं मी इथे बसेन. त्याशिवाय मला त्या टेबलावर बसायचा हक्क नाही.”

तक्ता भिंतीवरून खाली आला होता, पण या माणसानं आपल्यापुरता त्रेचाळिसावा नियम काढला होता. आणि खरं सांगतो, लाज वाटते, पण सांगतो, मला बरं वाटलं. बसू दे म्हाताऱ्याला, कळू दे एकदा कसं वाटतं ते. मी चवीनं जेवलो. शिट्टी तेवढी वाजवली नाही.

दीड महिना असंच चाललं. त्यात ते आमच्या घरी येऊन खिडक्या दुरुस्त करायचे, न करकरणारी दारंही काढून, तासून पुन्हा बसवायचे. जेवायला थांबा म्हटलं की ‘अजून काम आहे’. बायको आधी गप्प राहिली, मग समजावलं, मग रडली. ते ढिम्म हलले नाहीत. ते वाळत चालले होते. सासूबाई म्हणाल्या, असं स्टुलावर बसूनच जातील हो हे एक दिवस.

शेवटी एका दुपारी बायको जेवता जेवता उठली. वाटलं, ताट घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसेल. तसं नाही केलं तिनं. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ती एवढी चिडलेली मी आमच्या उभ्या संसारात पाहिली नव्हती.

“बाबा, मी तुम्हाला माफ केलंय. कधीच केलंय, तुम्ही पट्टी घालून फट मोजायचात ना, तेव्हाच केलंय. ते तुम्हाला कमवायचं नाहीये. फुकट आहे ते.”

सासरे खाली बघत म्हणाले, “फुकट घ्यायची मला सवय नाही, पोरी.”

“मला तरी कुठे होती? मलाही शिकावं लागलं. नऊ वर्षं फट तुम्ही ठेवलीत, मी काही करू शकले नाही. आता परत तुम्हीच ठेवताय. आणि या वेळी नियम पण तुमचाच आहे.”

पोरगी चमच्यानं ताट वाजवत होती. सासरे ताट हातात घेऊन उठले. दारापासून टेबलापर्यंतची चार पावलं चालत आले. मी खुर्ची मागे ओढली, एवढंच माझ्या हातून झालं. ते बायकोच्या शेजारी बसले, बरोबर सांध्यापाशी. एक घास घेतला. मग मान वर न करता ते म्हणाले, “मीठ दे जरा.”

बरणी त्यांच्या पुढ्यातच होती. बायकोनं ती उचलली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी बरणी धरली, बरणीबरोबर तिचा हातही धरला, आणि तो माणूस, ज्याच्या डोळ्यांत मी कधी पाण्याचा थेंब पाहिला नव्हता, लहान मुलासारखा रडला. जेवण पार गार झालं. मीही रडलो, उगाच कशाला खोटं बोलू. सासूबाईंनी दुसरी बरणी उचलून आत ठेवून दिली.

त्यानंतर ते सहा वर्षं जगले. रविवारी माझ्या बायकोबरोबर दुसऱ्या एका छोट्या मंडळीत जायचे, मागे बसायचे, आणि प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला पहिल्यांदा फिरत आला तेव्हा त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं आणि मगच घेतला, असं ती सांगते. स्वभाव थोडाच बदलतो? माझं पॉलिश शेवटपर्यंत त्यांना पटलं नाही. पण एकदा बोट फिरवून झाल्यावर ‘पुन्हा घासा’ म्हणता म्हणता थांबले आणि म्हणाले, राहू द्या, चांगलं झालंय. त्या दिवशी मी दिवसभर शिट्टी वाजवली, आणि ते ऐकत बसले.

शेवटच्या दोन वर्षांत डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलं. तरी दर जेवणाला ते मीठ मागायचेच. बायको रिकामी बरणी उचलून त्यांच्या हातात द्यायची. ते दोन्ही हातांनी घ्यायचे, थोडा वेळ धरून ठेवायचे, आणि मग जेवायला सुरुवात करायचे.