कळलावीचे दोन अर्थ

सुईणमायला झाडाचं नाव विचारलं की ती आधी उलट विचारायची, "कुणाच्या तोंडचं सांगू?" गावातल्या बायकांचं नाव वेगळं, तांड्यावरचं वेगळं, मेंढरं राखणाऱ्या तिच्या माहेरचं आणखी वेगळं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साखऱ्यापलीकडच्या त्या गावी मी उपकेंद्रात नर्स म्हणून गेले, तेव्हा मला हा वेळकाढूपणा वाटायचा.

दुपारी ती केंद्राच्या पायरीवर टेकायची. पाय लांब करून डोळे मिटायची. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, आणि त्या सगळ्या रात्रींची झोप तिच्या चेहऱ्यावर साचलेली दिसायची. तरी कुणाच्या पोटात दुखू लागलं, की माझ्याआधी तीच पोचलेली असायची.

आमचं वाजलं ते एकाच वेलीवरून. श्रावणात तिच्या कुंपणावर ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं यायची. ती कळलावी. अडलेल्या बाईच्या तळपायाला सुईणमाय तिचा कंद उगाळून लावायची. कंद विषारी, म्हणून मी ते बंद करायला लावलं.

ती हसली. "बाई मोकळी झाली तर कळा लावणारी, म्हून कळलावी. न्हाई झाली तर भांडणं लावणारी. नाव त्येच!"

कंद उगाळणं तिनं सोडलं. वेल मात्र ठेवली.

एका सकाळी शेजारची म्हातारी सुनेला घेऊन केंद्रात आली. सून सारखी ओकत होती. "कंबर धरली व्हती, म्हून वाघनखीचं मूळ पाजलं," म्हातारी म्हणाली. माझ्या लेखी वाघनखी म्हणजे रस्त्याकडेचं आकड्यासारख्या काळ्या फळांचं झुडूप. त्यानं काय होणार? मी सुनेला मीठसाखरेचं पाणी पाजून निजवलं.

तासाभरानं सुईणमाय आली. म्हातारीच्या पदरातला उरलेला तुकडा बघून ओरडलीच, "ही ती वाघनखी न्हाई! कळलावीलाबी वाघनखीच म्हणतेत. बसून काहून राहिल्या बाई? जीप बोलवा!"

हिंगोलीपर्यंत सुनेचं डोकं तिच्याच मांडीवर होतं. डॉक्टरांना काय पोटात गेलंय तेही तिनंच सांगितलं. सून वाचली. विषानं डोक्यावरचे केस गेले, ते पुढे सावकाश आले.

मूळ सुईणमायच्याच कुंपणातलं होतं, म्हातारीनं न विचारता उपटलेलं. गावाला तेवढं पुरलं. "कळलावी आली," असं बायका तिच्या पाठीमागे म्हणू लागल्या, आणि त्यात बाळंतपणाच्या कळा नव्हत्या. तिला कुणी बोलावेना. तिनं वेल मुळासकट खणून काढली. माझ्या हातून एक तास वाया गेला, हे मी कुणालाच सांगितलं नाही.

दहाएक वर्षांनी माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा ती बाजेवर पडून होती.

"माय, त्या दिवशी चूक माझी होती. मला ओळखता आलं नाही, आणि नंतर मी बोललेही नाही."

"ठाऊक हाय की. तुमी पाणी पाजून बसल्या व्हत्या, तवाच कळलं."

"मग गावाला सांगितलं काहून नाही?"

"दोघींचंबी नाव गेलं असतं, तर बाया कुणाकडं गेल्या असत्या? माझे हात तसेबी थरथरून राहिले व्हते."

मग भिंत धरून उठू लागली. "बसा. भाकर टाकते."

मी तिला उठू दिलं नाही. चूल पेटवली आणि भाकरी थापायला बसले.