चहाच्या टेबलावर राहिलेला फोन

आमच्या साहेबांना मी आधी नावंच ठेवायचे. विम्याच्या दाव्यांचे कागद तपासणारे आम्ही आठ जण. चार ऑफिसात, चार घरून. मी घरून, कारण आई अंथरुणाला खिळलेली. रोज चार वाजता साहेब आम्हा घरच्या चौघांना एकत्र फोन लावत आणि तो चहाच्या टेबलावर मधोमध ठेवून देत. कामाचा चकार शब्द नाही. कपांचे आवाज, कुणाची थट्टा, कुणाचं रडगाणं. “तुम्हीही इथेच बसलाय असं समजा,” म्हणायचे. मला वाटायचं, या माणसाला दुसरा उद्योग नाही.

पण दिवसभरात माणसांचे आवाज तेवढेच कानावर पडत. हळूहळू मी चारची वाट बघू लागले. एकदा आई तापाने फणफणली, तीन दिवस माझा कामाला हात लागला नाही. साहेबांनी माझे दावे स्वतः तपासले, वर मलाच म्हणाले, “सोपे तर असतात तुझे दावे! उगाच भाव खातेस.”

एके दिवशी चहा संपला, सगळे उठले, पण साहेबांचा फोन चालूच राहिला. घरच्या बाकी तिघांनी आपापला बंद केला होता. मी आईला भरवत होते, हात गुंतलेले. तेवढ्यात साहेबांच्या वरच्या मॅडमचा आवाज आला.

“एक माणूस कमी करायचाय. सगळ्यात कमी दावे त्या आजारी आईवालीचे. तिचं नाव पाठवा.”

“तिचं नाही पाठवणार.”

“मग कुणाचं?”

साहेब म्हणाले, “माझं लिहा. तसंही माझी दोनच वर्षं राहिलीत.”

‘साहेब, मी ऐकतेय, असं करू नका,’ एवढंच म्हणायचं होतं. मी आईकडे पाहिलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. चमचा खाली ठेवून हळूच फोन बंद केला.

निरोपाला मी ऑफिसात गेले. “आता कंटाळा येईपर्यंत झोपणार,” साहेब म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. निघताना त्यांनी आईची चौकशी केली, तेव्हा माझ्याने मान वर करवली नाही.

आता सगळ्यात जास्त दावे माझे असतात. परवा मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, “घरून इतकं मन लावून काम करणारी दुसरी नाही.” टाळ्या वाजल्या. मन कसलं लावतेय! लाजेपोटी मान मोडून करतेय. साहेबांना एकदा भेटून सगळं सांगावं असं रोज वाटतं. पण कुठल्या तोंडाने जाऊ?