हॅनाने नाव सांगितलं नाही

"मग, कॅप्टन सापडला का?" ब्रॅडने झूमवर आल्या आल्या विचारलं.

हा तिसरा कॉल. आधीच्या दोन्ही वेळी मी 'अजून शोधतेय' म्हणाले होते. या वेळी माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते त्याला आवडणार नव्हतं.

"कॅप्टन बहुधा नव्हताच," मी म्हणाले.

ब्रॅडच्या मागे भिंतीला टोपी टांगलेली होती. निळी, पुढे सोनेरी नांगर. उन्हाळ्यात त्यांच्या घराण्याचं रियुनियन होतं आणि तशा नव्वद टोप्या छापून आल्या होत्या.

मी मार्कहॅममध्ये एका छोट्या फर्ममध्ये काम करते. लोकांचे पूर्वज शोधून द्यायचे, हे काम. त्याआधी वसईला आमच्या चर्चच्या ऑफिसात क्लार्क होते. बाप्तिस्म्याची जुनी रजिस्टरं उघडायची आणि दाखले लिहून द्यायचे. कॅनडात आल्यावर माझ्या बी.कॉम.ला कुणी विचारलं नाही. पण ग्लेनने, म्हणजे माझ्या बॉसने, इंटरव्ह्यूत एक कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, "हे अक्षर वाचता येतं का?" आलं. त्याला आता सोळा वर्षं झाली. मानेचं दुखणं कायमचं लागलं, चष्म्याचा नंबर तीनदा वाढला. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांची इच्छा एकच असते. मागे मागे जाऊन कुणीतरी मोठा माणूस निघावा. निघतात शेतमजूर. ते सांगताना चेहरा कसा ठेवायचा, हेही कामाचा भागच आहे.

ब्रॅडचा खापरपणजोबा जेम्स तरुणपणी इंग्लंडहून इथे ऑन्टारिओत आला. इथल्या त्याच्या लग्नाच्या नोंदीत वडिलांपुढे लिहिलंय, 'जहाजाचा कप्तान, मयत'. घरातही हीच गोष्ट चालत आलेली. कप्तान वादळात बुडाला, वगैरे. ब्रॅडला त्याचं जहाज हवं होतं, म्हणजे फॅमिली बुकमध्ये चित्र घालता येईल.

मी जेम्सचं गाव शोधलं. ते समुद्रापासून इतकं आत होतं की तिथल्या माणसाने कप्तान पाहिला असता तरी आश्चर्य. इंग्लंडमध्ये सरकारी जन्मनोंदणी सुरू व्हायच्या आधीचा हा काळ. तेव्हा जन्माचा पुरावा म्हणजे चर्चचं रजिस्टर. प्रत्येक पॅरिशचं, म्हणजे एका चर्चखालच्या गावाचं, आपलं वेगळं. छापील रकाने असत. मुलाचं नाव, आईवडिलांची नावं, राहण्याचं ठिकाण, वडिलांचा धंदा. जेम्सच्या नोंदीत आईचं नाव होतं, हॅना. वडिलांच्या नावाची जागा कोरी. धंद्याच्या रकान्यात पाद्रीबाबांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बेस बॉर्न'. म्हणजे लग्नाशिवाय झालेलं मूल.

एवढ्यावर शोध थांबत नाही. लग्न न झालेल्या बाईचं आणि तिच्या मुलाचं पोट गावाला भरावं लागे, त्यामुळे बाप कोण हे जाणून घेण्यात गावाचा स्वार्थ होता. गावचे कारभारी त्या बाईला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करत. बायबलवर हात ठेवून ती नाव सांगे. मग त्या माणसाला गाठून पोटगीच्या कागदावर सही घेत. आम्ही या जबानीला 'एक्झॅमिनेशन' म्हणतो. त्या बाईसाठी तो वाईट दिवस असणार, पण रजिस्टरात नसलेलं नाव तिथे मिळतं, म्हणून आम्ही ते कागद आधी मागवतो.

हॅनाचा कागद तिथल्या काउंटी आर्काइव्हमध्ये होता. स्कॅन आला. मी नाव शोधत खाली खाली गेले. 'पित्याचे नाव सांगण्यास नकार देते.' पुढच्या महिन्यात पुन्हा, तेच वाक्य. मग तिसरी नोंद. प्रसूतीच्या कळा सुरू असताना सुईणीने कारभाऱ्यांच्या सांगण्यावरून पुन्हा विचारलं, बोलली नाही.

ही जुनी रीत होती. वेदनेत बाई खोटं बोलणार नाही, असं धरून चालायचे. नाव सांगेपर्यंत सुईण हात लावत नसे, असंही होई.

मला दोन मुलं आहेत. ती ओळ वाचली आणि मी उठून किचनमध्ये जाऊन पाणी प्यायले.

शेवटी निकाल. बाळ महिन्याचं झालं की आईला सहा आठवडे सुधारगृहात पाठवावं. नाव सुधारगृह, पण तो तुरुंगच, सक्तीच्या कामाचा. खाली हॅनाच्या सहीच्या जागी फुली.

हे सगळं मी कॉलवर सांगितलं.

"पण लग्नाच्या नोंदीत कॅप्टन लिहिलाय," ब्रॅड म्हणाला. "तेही रेकॉर्डच आहे ना?"

"जेम्सने जे सांगितलं त्याचं रेकॉर्ड आहे. पाद्रीबाबांनी बापाचं नाव विचारलं की अशी मुलं काहीतरी सांगायची. मेलेला माणूस सोयीचा. समुद्रात मेलेला आणखी सोयीचा."

"आणि डीएनए?"

"लांबचे चार कझिन मिळाले. तेवढ्यावरून नाव काढता येत नाही."

कॉलवर आणखी एक खिडकी होती. ब्रॅडची आत्या, डोरीन. चौऱ्याऐंशी वर्षांची. तिचं फक्त कपाळ आणि वरचा सीलिंग फॅन दिसत होता. आत्तापर्यंतच्या तिन्ही कॉलमध्ये ती काही बोलली नव्हती. आता तिने विचारलं, "बाळाचं काय झालं?"

"आँट डोरीन, बाळ म्हणजेच आपला जेम्स," ब्रॅड हसत म्हणाला. "तो मोठा झाला, इथे आला, म्हणून आपण आहोत."

मीही हसले. आजही त्याचं वाईट वाटतं.

ग्लेनला मी रिपोर्टचा मसुदा दाखवला. तो म्हणाला, "मोनिका, 'घराण्यात चालत आलेल्या माहितीनुसार' असं लिही आणि कॅप्टन राहू दे. खोटं काहीच नाही त्यात."

"खोटं नाही, पण तो फक्त तेवढंच वाचेल."

"तो क्लायंट आहे. काय वाचायचं ते त्याने ठरवावं."

वाद घालायला माझ्यात त्राण नव्हतं. सकाळी घरापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून आले होते, कंबर धरली होती. मी लिहिलं, 'वडील: अज्ञात. आईने तीन वेळा नाव सांगण्यास नकार दिला.' कप्तानाला खाली तळटीप दिली. ब्रॅडचं एका ओळीचं उत्तर आलं, 'नोटेड.' ग्लेनने फाइल बंद केली.

आठवड्याने डोरीनचा ऑफिसात फोन आला. मला भेटायचं होतं. ती माझ्या घरापासून दहा मिनिटांवरच्या रिटायरमेंट होममध्ये राहत होती. शनिवारी दुपारी गेले. तिने रिपोर्टची प्रिंट काढून घेतली होती आणि भिंग लावून वाचली होती.

"ब्रॅडला तो पुरुष शोधायचाय," ती म्हणाली. "मी त्या पुरुषाबद्दल विचारलंच नव्हतं. तिला सहा आठवडे आत टाकलं. तेवढे दिवस बाळ कुठे होतं? आणि बाहेर आल्यावर ते तिला परत दिलं का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "त्या कागदात नाहीये."

"दुसऱ्या कशात असेल?"

असू शकलं असतं. मी शोधलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. कुणी म्हणजे, तिने विचारलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

ग्लेन म्हणाला, फाइल बंद आहे. मी म्हटलं, ऑफिसच्या वेळात करणार नाही. घरी जेवणाच्या टेबलावर बसून, दोन वीकेंड त्यात गेले. हॅनाच्या गावच्या कागदांत पुढे काही नव्हतं. मग आजूबाजूच्या पॅरिशच्या याद्या काढल्या. गरिबाने मदत मागितली की तो मूळ कुठला, हे ठरवायला त्याचीही जबानी होई. दुसऱ्या गावचा निघाला तर त्याला तिकडे हाकलून देता यायचं. शेजारच्या तिसऱ्या गावात, एकोणीस वर्षांच्या जेम्सचा असा कागद होता. खाणीत पाय मोडला म्हणून त्याने मदत मागितली होती. आर्काइव्हला ईमेल केला. स्कॅन यायला अकरा दिवस लागले.

तो घेऊन मी डोरीनकडे गेले. तिला वाचून दाखवला. कारकुनाच्या रुक्ष भाषेतच होता. माझा जन्म अमुक गावी झाला असे मी आईकडून ऐकले आहे. माझ्या आईचे कधी लग्न झाले नाही. ती सुधारगृहात असताना मी तिच्या अंगावर पीत होतो, असे ती सांगते. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत मी तिच्याजवळ, वीटभट्टीमागच्या खोलीत राहिलो. नंतर शेतावर, मग खाणीत नोकरीला लागलो. दर रविवारी तिच्याकडे जातो.

"पुन्हा वाच," डोरीन म्हणाली.

मी पुन्हा वाचला.

"म्हणजे तुरुंगातसुद्धा तो तिच्याजवळ होता."

"हो. अंगावर पिणाऱ्या मुलाला बरेचदा आईबरोबर राहू देत."

कॉरिडॉरमध्ये कुणीतरी वॉकर सरकवत गेलं. मग ती रिपोर्टकडे बघत बोलली, माझ्याकडे नाही.

"मी एकोणीस वर्षांची होते. मला कुणी तुरुंगात नाही टाकलं. फार सभ्य जागा होती ती, खिडक्यांना पडदे होते. चार दिवस मुलगा माझ्याजवळ दिला. पाचव्या दिवशी एका बाईने पेन आणून दिलं. म्हणाली, तुझं त्याच्यावर प्रेम असेल तर तू सही करशील. मी केली."

मी हातातला स्कॅन टेबलावर ठेवला.

"आमच्या घरी सगळ्यांना वाटलं, मी टायपिंगच्या कोर्सला गेले होते. माझ्या नवऱ्याला मरेपर्यंत माहीत नव्हतं. या हॅनाला लिहिता येत नव्हतं, आणि तिच्याकडून कुणी एक शब्द काढून घेऊ शकलं नाही. मी हायस्कूलमध्ये वर्गात पहिली होते."

"तुम्ही एकोणीस वर्षांच्या होतात," मी म्हणाले.

"तीसुद्धा असेल," ती म्हणाली.

हॅना बावीस वर्षांची होती. मी सांगितलं नाही.

इथे एक माहिती देते. ऑन्टारिओत पूर्वी दत्तकाची कागदपत्रं सीलबंद असत. आता नाहीत. जन्मदात्री आई अर्ज करू शकते, आणि मूल सज्ञान असेल, त्याने हरकत नोंदवली नसेल, तर दत्तक गेल्यानंतरचं त्याचं नाव तिला मिळतं. डोरीनला हे माहीत होतं. फॉर्म तिच्या ड्रॉवरमध्ये होता, बरीच वर्षं. पहिल्या पानावर फक्त तिचं नाव भरलेलं.

"पुढचं भरायला मदत करशील?"

त्या दुपारी आम्ही तो भरला. मुलाचं नाव या रकान्यापाशी ती थांबली नाही. डॅनियल, तिने लिहिलं. ते तिने ठेवलेलं नाव.

उत्तर पाच महिन्यांनी आलं. त्याचं आताचं नाव वेगळं होतं. गाव उत्तरेकडचं, गाडीने पाच तासांवर. मी शोधलं तर तो हयात होता, हायस्कूलमधून शॉप टीचर, म्हणजे सुतारकाम वगैरे शिकवणारा शिक्षक, म्हणून रिटायर झालेला. पत्र डोरीननेच हाताने लिहिलं. मी फक्त पत्ता टाकला.

त्याचं उत्तर एका पानाचं होतं. दत्तक आहोत हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. तब्येत बरी आहे. दोन मुली आहेत. ज्या आईने वाढवलं ती एक्क्याण्णव वर्षांची आहे आणि त्याच्याच घरी असते. ती असेपर्यंत भेटायला येणार नाही, तिला ते सहन होणार नाही. पण पत्र लिहीत जा, असं शेवटी होतं. आणि एक फोटो. टक्कल पडलेला माणूस, हातात मासा.

मला वाटलं डोरीन रडेल. तिने भिंग घेऊन फोटो पाहिला आणि म्हणाली, "तो तिला सोडत नाहीये. बरोबर आहे त्याचं." मग मला म्हणाली, शेजारच्या दुकानातून चांगला लेटर पॅड आणून दे. रेघांचा.

रियुनियन झालं. मला बोलावलं होतं, मी गेले नाही. फॅमिली बुकची एक प्रत पोस्टाने आली. कप्तान पान सहावर आहे, जहाजाच्या चित्रासकट. हॅना पान सातवर आहे, तिची फुली स्कॅन करून मोठी छापली आहे. ती छापल्याशिवाय पुस्तकाला आपला फोटो द्यायचा नाही, असं डोरीनने ब्रॅडला सांगितलं होतं म्हणे. डॅनियल पुस्तकात नाही. ते डोरीनने ठरवलं. हे लिहिण्याची परवानगी तिने दिली आहे, नावं बदलून.

ग्लेन अजूनही म्हणतो की मी क्लायंटमध्ये गुंतते. असेल. पण एक बदल मी ऑफिसात करून घेतला. आमच्या पहिल्या भेटीच्या फॉर्मवर प्रश्न होता, 'तुम्हाला कोणता पूर्वज शोधायचा आहे?' आता त्याखाली आणखी एक आहे. 'घरात आणखी कुणाला काही जाणून घ्यायचं आहे का?' बहुतेक लोक 'नाही' वर टिक करतात. मग मी त्यांच्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा फोन नंबर मागून घेते आणि स्वतः विचारते. दहातले नऊ जण हवापाण्याचं बोलून फोन ठेवतात, आणि माझा अर्धा दिवस त्यात जातो.