आतला घोडा, बाहेरचा घोडा

दुकानदाराकडे दोन गोष्टी न मागता साठतात. फ्रीजमागची धूळ आणि किस्से. धूळ महिन्या-दोन महिन्यांनी झाडता तरी येते. किस्से तसेच राहतात, आणि जुने दोस्त जमले की एकामागून एक बाहेर पडतात. बाकीच्यांचे किस्से गिऱ्हाइकांचे असतात. आमचे सगळे बंदुकीचे आहेत, त्याला आमचा इलाज नाही!

तसे आम्ही तिघंही इंजिनियर. मी पाइपिंगवाला, गुप्ते ड्रॉइंग ऑफिसातला, आणि नागपूरचा दिनकर सोनवणे मेटलर्जिस्ट. ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव कोसळले आणि ह्यूस्टनमधल्या कंपन्यांनी माणसं झाडून बाहेर काढली. आम्ही तिघंही त्या केरात होतो. घराचे हप्ते थांबेनात, परत जायची लाज वाटे. मग तिघांनी तीन वस्त्यांत पेट्रोल पंपाची छोटी दुकानं घेतली. दूध, बिअर, सिगारेटी, लॉटरीशिवायची सगळी व्यसनं. एवढं शिकून शेवटी आम्ही बर्फाच्या पिशव्या विकायला लागलो.

आणि मग दोन सिग्नल पलीकडच्या मेहताभाईंना त्यांच्याच काउंटरवर कुणीतरी गोळी घातली. गल्ल्यात जे होतं ते त्यांनी आधीच काढून दिलं होतं, तरीही घातली. फ्युनरल होममधून आम्ही बाहेर पडलो. पार्किंग लॉटमध्ये गुप्तेनं गाडीची किल्ली फिरवली आणि म्हणाला, "यार, माझ्याकडे मारायला साधी झुरळाची फवारणी आहे."

*

बंदूक घ्यायला आम्ही रॉयच्या दुकानात गेलो. रॉय म्हणजे सत्तरीचा टेक्सन, तोंडात काडी, बोलणं इतकं सावकाश की वाक्य संपेपर्यंत आम्ही दुसऱ्या कपाटापाशी पोचलेलो असायचो.

गुप्तेनं सगळ्यात मोठं रिव्हॉल्व्हर उचललं. का, तर त्याच किमतीत जास्त लोखंड मिळतंय! सोनवणे म्हणाला, "भंगारात घालून राहिला का बे?"

रॉय म्हणाला, "जी बंदूक जड म्हणून घरी राहते, तिचा उपयोग चोरालाच."

गुप्तेनं ऐकलं नाही. गुप्ते म्हणजे उदबत्ती. कमरेच्या पट्ट्याला शेवटचं भोक त्यानं स्वतः खिळ्यानं पाडलेलं. दुसऱ्याच दिवशी दुधाचा क्रेट उचलायला दोन्ही हात वर केले आणि पट्टा, पँट, रिव्हॉल्व्हर असं सगळं एकदम घोट्यापाशी आलं. समोर चर्चमधून आलेल्या एक आजीबाई उभ्या होत्या. त्यांनी चष्मा नीट केला आणि म्हणाल्या, "हनी, मी पैसे देतच होते!"

*

मुंबईकडे बोलीत पिस्तुलाला घोडा म्हणतात, आणि गुप्ते पक्का दादरचा. त्यानं खरेदी झाल्याझाल्या माझ्या घरी फोन केला. मी नव्हतो, बायकोनं घेतला.

संध्याकाळी ती मला म्हणते, "गुप्ते भावजींनी घोडा घेतला म्हणे. टेक्ससमध्ये लोक काय काय घेतात! पण अपार्टमेंटमध्ये बांधणार कुठे?"

मी म्हटलं, "कमरेला."

तेव्हापासून तो शब्द आमच्यात रुजला. गिऱ्हाईक समोर असलं तरी बिनघोर बोलता यायचं. काउंटरखालच्या ड्रॉवरला आम्ही तबेला म्हणायचो. घोंगडं म्हणजे बंदुकीचं चामड्याचं म्यान.

सोनवणेच्या बाबतीत मात्र घोटाळा व्हायचा, कारण त्याच्याकडे खराखुरा घोडा होता. म्हणजे दुकानाच्या दाराबाहेर लहान मुलांसाठी असतो तो, लाल खोगिराचा. क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, टाकला की जागच्या जागी डुलायचा. म्हणून त्यांच्या घरात आतला घोडा आणि बाहेरचा घोडा असं चालायचं.

एकदा गुप्तेनं तिकडे फोन लावला. सोनवणेची मीनल तेव्हा दुसरीत होती. मराठी कळायचं सगळं, उत्तर इंग्रजीत. ती म्हणाली, "पप्पा इज क्लीनिंग द घोडा."

गुप्तेनं गमतीनं विचारलं, "कुठला गं?"

"दि आउटसाइड वन," मीनल म्हणाली, "दि इनसाइड वन इज नॉट फॉर किड्स, अंकल."

आम्ही खूप हसलो. आपण पोरांपासून लपवतो असं आपल्याला वाटतं, एवढंच सोनवणे म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं तबेल्याला कुलूप बसवलं.

*

लपवून बाळगायचा तर कुठे, यावर आमच्या किती रविवारांची माती झाली! तेव्हा टेक्ससमध्ये आमच्यासारख्यांना लपवलेलं पिस्तूल घेऊन रस्त्यानं फिरायची मुभा नव्हती, आपल्या दुकानात चालायचं. म्हणजे सगळा प्रश्न काउंटरमागच्या चार हात जागेचा. पण इंजिनियर जमले की चार हात जागेचंही डिझाइन रिव्ह्यू होतं.

मी घोट्याला बांधून पाहिलं. सिनेमात छान दिसतं. मी आरशासमोर सराव केला, वाकलो, पँट वर ओढली, मोजा अडकला. मागून बायको म्हणाली, "चोराला खुर्ची देत जा तोवर."

मग पाठीमागे, कण्याशी खोचून पाहिलं. ओल्या फरशीवर घसरलो आणि नेमका त्याच्यावर पडलो. आठवडाभर माझ्या पाठीवर पिस्तुलाच्या मुठीचा ठसा निळा उमटलेला होता. डॉक्टर म्हणाले, थोडं वर लागलं असतं तर यापुढे बसूनच दुकान चालवलं असतंस.

रॉयला सांगितलं तर तो हसलासुद्धा नाही. चाप पूर्ण झाकेल असं टणक चामड्याचं म्यान, उजव्या हाताच्या बाजूला कमरेवर, आणि रोज त्याच जागी. एवढंच त्याचं म्हणणं. "आज इथे, उद्या तिथे करणारा माणूस वेळेला स्वतःचेच खिसे चाचपत मरतो," तो म्हणाला.

*

गुप्तेचं पुढचं ऐका. पँटप्रकरणानंतर तो दुसऱ्या टोकाला गेला. तळहातात मावेल एवढं पिटुकलं पिस्तूल घेतलं. इतकं हलकं की म्यानाची गरज काय! खिशात टाकायचा. त्याच खिशात दुकानाच्या, गाडीच्या, घराच्या किल्ल्यांचा जुडगा.

एका सकाळी दुकान उघडायला त्यानं किल्ल्या ओढल्या. एक किल्ली चापात अडकली होती.

गोळी मांडीतून आरपार गेली. तो दारासमोरच पडून राहिला, आणि पहिलं गिऱ्हाईक त्याला ओलांडून जाऊन दार ढकलून बघत होतं, दुकान उघडं आहे का म्हणून. हे अमेरिकेतलं माझं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक!

हॉस्पिटलमध्ये आम्ही दोघं धापा टाकत पोचलो. गुप्ते पांढराफटक पडला होता. सोनवणेनं त्याच्या मांडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "लोक किल्लीनं दुकान उघडतात. यानं स्वतःलेच उघडलं!"

गुप्ते हसला आणि टाके ओढले म्हणून रडला. तो पाय अजून ओढतो. थंडीत जास्त.

*

खरी अडचण सोनवणेच्या बायकोची, वसुधावहिनींची होती. सोनवणेला मदतनीस परवडत नव्हता, म्हणून दुपारी काउंटरवर त्या उभ्या राहायच्या. नेसायच्या साडी. साडीत कुठे ठेवणार? पर्समध्ये नको, चोर आधी पर्सच ओढतो. परकराच्या नाडीला लावून पाहिलं तर नाडीनं दुपारीच राम म्हटला.

सोनवणे आठवडाभर रॉयच्या दुकानात बसला. शेवटी त्यानं अॅल्युमिनियमच्या फ्रेमचं आखूड रिव्हॉल्व्हर निवडलं. मिश्रधातू कुठला, तडकतो कुठे, यावर त्यानं आम्हाला लेक्चर दिलं. नोकरी गेल्यापासून इतका खूश मी त्याला पाहिला नव्हता.

रॉय म्हणाला, "एक लक्षात ठेव. बाळगायला हलकं ते झाडायला वाईट. धक्का सगळा हाताला बसतो."

वहिनींनी शूटिंग रेंजवर नेम धरला, पाच गोळ्या झाडल्या आणि रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं. मनगट सुजलं. चार दिवस सोनवणेच पोळ्या लाटत होता, आणि त्या पोळ्या पाहून मीनल म्हणाली, "टेक्सस! धिस वन इज टेक्सस!"

वहिनींनी मग स्वतःच जाड कॅनव्हासचा पट्टा शिवला, साडीखालून बांधायचा. म्यान उजव्या कमरेला, वरून पदर. गोळ्या काढलेल्या रिव्हॉल्व्हरनं दोघं नवरा-बायको दुकान बंद करून सराव करायचे. सोनवणे चोर व्हायचा. "आधी पदर, मग घोडा!" असं ओरडायचा. दर वेळी पदरच हातात यायचा.

त्यांना ते मनापासून नको होतं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी दोघं त्रिशरण-पंचशील म्हणायचे. एकदा माझ्यासमोरच वहिनी म्हणाल्या, "अहो, पहिलंच शील जीव घेणार नाही म्हणून. ते म्हणायचं अन् लगेच हे कमरेले बांधायचं?"

सोनवणे म्हणाला, "बांध म्हटलं मी. चालव कोण म्हणून राहिलं?"

"मग बांधायचं कायले?"

तो नुसताच म्हणाला, "मेहताभाईंची बायको पाहिली ना तू?"

वहिनींनी बांधलं.

*

आता शेवटचा.

ऑगस्टमधली दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सोनवणे काउंटरवर, वहिनी आणि मीनल मागच्या खोलीत खोकी उघडत होत्या. एक माणूस आत आला आणि त्यानं सोनवणेवर पिस्तूल रोखलं. सोनवणेचं रिव्हॉल्व्हर तबेल्यात कुलपात. त्यानं गल्ला उघडून दिला. तेवढ्यात वहिनी मीनलचा हात धरून मागच्या खोलीतून आल्या. वहिनींच्या कमरेला बांधलेलं होतं.

सोनवणे म्हणाला, "वसुधा, घोडा."

वहिनी मीनलला घेऊन दाराबाहेर गेल्या. मग आतून गोळीचा आवाज आला.

पोलीस आले तेव्हा मीनल बाहेरच्या घोड्यावर बसलेली होती. घोडा कधीच थांबला होता. तिला उतरवायला मला जावं लागलं, तिची बोटं खोगिरावरून सोडवता सुटत नव्हती. सोनवणे आत काउंटरमागे पडला होता. तो माणूस सापडला नाही.

डिटेक्टिव्हनं आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, "ती म्हणते, नवरा 'हॉर्स' म्हणाला. हॉर्स?"

गुप्तेनं त्याला समजावून सांगितलं. डिटेक्टिव्हनं वहिनींच्या पट्ट्याकडे पाहिलं, बाहेरच्या घोड्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पुढचं वर्षभर गुप्ते वहिनींच्या घरी गेला नाही. मला म्हणायचा, "अरे, त्यानं मागितला होता! इतका सराव केला आणि ऐन वेळी बाईला कळलंच नाही." मी त्याला गप्प करायचो, पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. दिनकर माझा मित्र होता. मला कुणावर तरी राग काढायचा होता.

वर्षश्राद्ध बौद्ध घरात करत नाहीत. पुण्यानुमोदन करतात. त्याला ह्यूस्टनशेजारच्या शुगर लँडला वहिनींच्या भावाकडे सगळे जमलो. गुप्तेही पाय ओढत आला. वंदना झाली, जेवणं झाली, आणि गुप्तेला राहवलं नाही.

"वहिनी, माफ करा," तो म्हणाला, "पण दिनकर घोडा म्हणाला, तेव्हा तुम्हाला वाटलं तरी काय?"

मी त्याचा हात दाबला. वहिनी ताटं गोळा करत होत्या. त्यांनी ताटं खाली ठेवली.

"मले काहीच वाटायची गरज पडली नाही, भावजी," त्या म्हणाल्या. "हे घोडा म्हणाले अन् माझा हात पदराले गेला होता. पदर बाजूला झाला होता. पहिल्यांदा बरोबर झाला होता! पण मीनलनं यांनाच विचारलं, 'विच वन, पप्पा?'"

त्यांनी पदर सावरला.

"गल्ला उघडाच होता," वहिनी म्हणाल्या. "यांनी त्यातला क्वार्टर उचलला, तिच्या हातावर ठेवला. अन् माझ्याकडे पाहून म्हणाले, 'बाहेरचा.'"