सम शिंका, विषम शिंका

कापडाला कात्री लावताना कोणी शिंकलं तर कात्री खाली ठेवायची, असा आमच्या शिंप्याच्या घरातला नियम. एक शिंक अपशकुनाची, दोन शुभाच्या. पुढचं गणित अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतःच वाढवलं: तीन वाईट, चार चांगल्या. मला एका दमात सात येतात. अप्पा कात्री धरून शांतपणे मोजत उभे राहायचे आणि सातवी आली की इथल्या कन्नडात म्हणायचे, "साकु," म्हणजे पुरे, "आज नको."

भर शहरातलं नजरबादचं दुकान सोडून शहराच्या कडेला बोगादीतल्या घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम आणलं, तेव्हापासून हे सुरू झालं. दोन्ही बाजूंना रिकाम्या साइट, म्हणजे घर न बांधलेले प्लॉट; पावसाळा सरला की त्यांत कंबरेएवढं गवत. त्याला तुरे आले की माझ्या नाकाला पाझर फुटतो. डॉक्टर म्हणाले, गवताचे परागकण. अप्पांनी हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गवताला फूल? कुणी माळलंय कधी?"

मला त्यांचा राग यायचा. वीस वर्षं शिलाई मी करतेय, पण कटिंग त्यांचं. चाळिशी ओलांडली तरी रेशमाला कात्री लावायची मला परवानगी नव्हती. त्यात दसऱ्यानंतर मागच्या गल्लीतल्या मुलीचे लग्नाचे आठ ब्लाउज आले, आणि अप्पा रोज माझ्या नाकावर खापर फोडून ते पुढे ढकलू लागले. लग्न तीन आठवड्यांवर. "मी कापते" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "शिंकणाऱ्या हातात रेशीम देऊ होय?"

मग मीही हट्टाला पेटले. कॅलेंडरवर रोजची हवा आणि शिंका लिहू लागले. कोरडं ऊन आणि वारा असला की सकाळी नऊपासून नाक सुरू. दिवसभर रिपरिप असली की गवत गप्प, नाकही गप्प. म्हणजे पाऊस आला की सुटका, असं मी ठरवून टाकलं. एका दुपारी गडगडाट होऊन सर कोसळली, मी आनंदाने खिडक्या उघडल्या आणि दहा मिनिटांत छातीत शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरांनी पंप दिला आणि समजावलं की वादळी पावसात हे कण भिजून फुटतात आणि त्यांचा भुगा वाऱ्याबरोबर थेट छातीत उतरतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

लग्नाला नऊ दिवस उरले असताना मला हवा तसा दिवस उजाडला. पहाटेपासून संथ झिमझिम, झाडाचं पान हलत नव्हतं. खिडक्या बंद केल्या, दिवा लावला, लाल रेशीम मेजावर पसरून पांढऱ्या खडूने रेषा आखल्या आणि अप्पांना हाक मारली. ते कात्री घेऊन उभे राहिले आणि माझ्या नाकाकडे पाहू लागले. पाच मिनिटं गेली.

"येईल एखादी," ते म्हणाले.

"आज नाही येत. कापा तुम्ही."

ते वाकले. कात्रीचं टोक रेषेपासून चांगलं दोन बोटं बाजूला टेकलं, तिथेच थांबलं, मग वर उचललं गेलं.

"रेष कुठं ओढलीस गं?"

मी बोट ठेवून दाखवली. तरीही त्यांना दिसली नाही.

"दसऱ्याच्या आधीपासून अंधुकच आहे सगळं," ते म्हणाले. "तू शिंकलीस की बरं वाटत होतं मला. निज सांगतो, अगदी खरं."

मला स्वतःची लाज वाटली. इतके दिवस आकाशाकडे बघत होते, समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. तरी तोंडातून निघालं ते एवढंच, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ."

"जाऊ. आधी हे काप," अप्पा म्हणाले आणि कात्रीची मूठ माझ्याकडे केली. मग मेजाच्या पलीकडे जाऊन त्यांनी कापडाची कड दोन्ही हातांनी ताणून धरली, जशी लहानपणापासून मी त्यांच्यासाठी धरत आले होते.