अप्पांचं हृदय, तीस की पन्नास?

भुताखेतांवर, अंगात येण्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. वडवणीच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे. तुम्हाला हसायचं तर खुशाल हसा... वाद घालायचं त्राण आता माझ्यात नाही.

दोन हजार सालाच्या आगेमागची गोष्ट. माझे सासरे अप्पा, बाजारपेठेत किराणा दुकान. हृदयाची झडप खराब झालेली. इकोत नीट दिसेना, म्हणून पुण्याला एमआरआय करायला सांगितलं. तिथं तेव्हा नवनवी स्कॅन सेंटरं निघत होती. हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा बरा आला तरच ऑपरेशन, नाहीतर घरी न्या, असं सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं. नवरा दुकानात अडकलेला, त्यामुळे एसटीच्या सगळ्या खेपा माझ्याच नशिबी आल्या.

आम्ही लिंगायत. अप्पांच्या गळ्यात चांदीच्या पेटीत इष्टलिंग, म्हणजे दीक्षेत मिळालेलं छोटं शिवलिंग, असायचं. इष्टलिंग म्हणजे आपला प्राणच मानतात, जिवंतपणी ते अंगावेगळं करत नाहीत. पण सेंटरवाल्यानं सगळंच काढायला लावलं. अप्पांच्या अगदी जिवावर आलं. शेवटी म्हणाले, "तू धर. खाली ठिवू नको, बाई."

मी बाहेर बाकावर मुठीत घेऊन बसले. आणि ते ठोके देऊ लागलं... दोन ठोके, एक गाळलेला, परत दोन. आपलीच नाडी जाणवत असेल म्हणून मी सोडून दिलं.

आकडा आला तीस. म्हणजे ऑपरेशन नाही. परतताना स्टँडवर चहा पिता पिता अप्पा एवढंच म्हणाले, "माप कसं भरंल? मी सगळा आत न्हवतोच." मला रागच आला. आधीच दमून गेले होते.

तरी दुसऱ्या सेंटरला नेलं. तिथला माणूस समजूतदार होता. पेटी-साखळी बाहेर ठेवली, पण नुसतं इष्टलिंग चुंबक लावून तपासलं आणि फडक्यात गुंडाळून अप्पांच्या मुठीत राहू दिलं. आकडा — पन्नास!

सर्जन म्हणाले, हृदयाच्या कप्प्याची कड डॉक्टर पडद्यावर हातानं आखतात, त्यामुळे बघणाऱ्यागणिक थोडं उन्नीस-बीस होतं, मशीनगणिकही होतं. पण एवढं? त्यांनी दोन्ही सेंटरच्या डॉक्टरांना एकमेकांची चित्रं आखायला दिली. आकडे जवळपास तेच आले. म्हणजे नजरेची चूक नव्हती. मग अप्पांना परत पहिल्याच मशीनमध्ये घातलं. या वेळी मी सेंटरवाल्याच्या हातापाया पडून इष्टलिंग अप्पांच्या मुठीत राहू द्यायला लावलं. पन्नास. पहिल्या वेळी ठोके अनियमित पडून गोंधळ झाला असेल, असं म्हणून सर्जननी ऑपरेशन ठरवलं.

ऑपरेशनच्या खोलीत मात्र काहीच नेता येईना. अप्पा घाबरले. त्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या तळहातावर इष्टलिंग ठेवून हळूच म्हणाले, "मला संभाळ, पोरी."

पूर्ण वेळ मी मूठ उघडली नाही. तीच लंगडी चाल... दोन, एक गाळलेला, परत दोन. एकदाही थांबली नाही.

संध्याकाळी सर्जन बाहेर आले, सगळं नीट झालं म्हणाले. मध्ये काही त्रास झाला का, मी सहज विचारलं. ते म्हणाले, झडप बदलताना हृदय आम्ही बंदच ठेवतो, तेवढा वेळ रक्त मशीन फिरवतं. माझ्या मुठीतली चाल तर तेव्हाही चालूच होती.

नाडी माझीच असणार, असं मी मनाला समजावते. पण कित्येकदा मनगट धरून बघितलंय, माझी नाडी सरळ चालते. ठोका गाळत नाही. अप्पा नंतर बरीच वर्षं जगले, गल्ल्यावर बसले. त्यांना विचारायचा धीर मला झाला नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.