आखर, अस्वल आणि समिती

बोलणाऱ्या माणसांचे किस्से बोलण्यातच खर्च होतात. मी चारचौघांत तोंड उघडत नाही, त्यामुळे माझ्याकडचे उकिरड्यासारखे साठत जातात. त्यात आखर बचाव समितीच्या बैठका आमच्याच छपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, भरतात आणि चहा मीच नेते. कप ठेवले की लगेच आत यायचं, असं आईने बजावलंय. मी येते. पण दारामागेच थांबते.

आखर म्हणजे गावाला लागून असलेली मोकळी जागा. सकाळी गावभरची गुरं तिथं जमतात आणि तिथून पांदणीने, म्हणजे दोन्हीकडे झाडं असलेल्या गाडीवाटेने, चरायला जातात. मीही त्याच पांदणीने सायकलवर शाळेत जाते. दुसरी वाट मोठ्या रस्त्याची, कोळशाच्या ट्रकांची.

मूल गावाकडे जाणाऱ्या रोडवरचं आमचं गाव वाढलं, बसस्टँडवर एसटीडी बूथ आला, आणि विलासभाऊ पाटलांनी आखरावर लेआऊट टाकायचं, म्हणजे प्लॉट पाडून विकायचं ठरवलं. पांदणीचं तोंडही त्यातच जाणार होतं. जागा कागदोपत्री त्यांचीच, वाटणीत आलेली. गुरं बसायची ती नुसत्या रिवाजाने. म्हणून मग समिती. तीन माणसांची. भूगोल शिकवणारे बाबा, देवरावभाऊ टेलर आणि दूध विकणाऱ्या कौसाबाई.

*

पहिली बैठक अध्यक्ष कोण यावर झाली. बाबा म्हणाले, देवरावभाऊ व्हा. देवरावभाऊ म्हणाले, छे, सर, तुम्ही. दोघांनाही स्वतःच व्हायचं होतं, हे मला दारामागूनसुद्धा दिसत होतं. चहा दुसऱ्यांदा झाला. शेवटी कौसाबाई पदर खोचून उठल्या.

"तुम्ही दोघंबी व्हा अध्यक्ष. माह्या म्हशी कुठी बसतीन, थे सांगा."

तेव्हापासून आमच्या समितीत दोन अध्यक्ष आणि एक सभासद आहे.

*

विलासभाऊंनी आखरावर मोठा बोर्ड लावला. त्यावर कारंजं आणि नारळाची झाडं. आमच्याकडे नारळ दुकानात उगवतो, त्यामुळे बघायला गर्दी झाली.

आठवडा झाला नाही तोच बोर्ड आडवा. विलासभाऊ तणतणत छपरीत आले. हे समितीचंच काम, पोलिसात जातो म्हणाले. बाबांचा चेहरा उतरला. देवरावभाऊंनी विलासभाऊंना आखरावर नेलं. एक गोऱ्हा बोर्डाच्या उरलेल्या खांबाला डोळे मिटून अंग घासत होता.

विलासभाऊंनी नवे खांब सिमेंटमध्ये रोवले. गुरांची फारच सोय झाली.

*

मोहफुलांच्या दिवसांत देवरावभाऊंना युक्ती सुचली. पांदणीत अस्वल आलंय अशी अफवा सोडायची, म्हणजे प्लॉट घ्यायला कोणी फिरकणार नाही. दुकानात माप द्यायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी अस्वल सांगितलं. पँटवाल्याला लहान, सफारीवाल्याला मोठं.

प्लॉट बघायला कधी आले नव्हते एवढे लोक अस्वल बघायला आले. वरोऱ्याहून एक कुटुंब डबा घेऊन आलं. आईने मात्र माझी पांदण बंद केली. माझी परीक्षा ट्रकांच्या धुरळ्यातून झाली आणि आखर वाचवणाऱ्यांपैकी कोणालाच ते दिसलं नाही.

शेवटी फॉरेस्टचे गार्ड आले. देवरावभाऊ छाती काढून त्यांना जागा दाखवायला गेले. गार्ड धुळीतल्या ठशांवर वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलं. मादी हाये. पिल्लू बी हाये संगं."

देवरावभाऊ महिनाभर पांदणीकडे तोंड करूनसुद्धा बसले नाहीत.

*

पावसाळ्यात बाबांनी ठरवलं, आखरावर झाडं लावू. हिरवी जागा कोण मोडेल? नर्सरीतून रोपं आणली. संध्याकाळी हार, भाषण, टाळ्या. बाबा इतके खूश की जेवताना दोनदा वरण सांडलं.

सकाळी रोजच्या वेळी रोजची गुरं आली. बाबा पोचले तेव्हा एक काडी उरली होती आणि ती कौसाबाईंच्या म्हशीच्या तोंडात होती. बाबा म्हणाले, बाई, तुम्ही तरी समितीच्या!

"सर, आखरावर ताट तुम्ही मांडलं," कौसाबाई म्हणाल्या, "अना आता म्हणता, काऊन जेवली."

*

मग पोळा आला. विलासभाऊंनी आदल्या दिवशीच आखरावर चुन्याच्या रेषा मारून प्लॉट पाडले होते; एक तर कोणा डॉक्टरने घेतलाही होता. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी मिस्त्री पाया खोदणार होता. गावाने दर वर्षीसारखं आखराच्या गावाकडच्या टोकाला दोन खांब रोवून आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. बैलजोड्या झुली घालून ओळीत उभ्या राहिल्या. रेषांच्या आतच, शिस्तीत.

आमच्याकडे मान विलासभाऊंच्या वडिलांचा. ते आबाजी. त्यांनी तोरण तोडलं की पोळा फुटतो आणि सगळे बैल घरी पळतात. तोवर तोरणाखालून कोणी जात नाही, की जमिनीला अवजार लावत नाही. गुडघ्यांमुळे आबाजी वर्षातून एकदाच, पोळ्याला आखरावर येतात. लेआऊट पडलंय एवढं त्यांना माहीत होतं. कुठे, ते कोणी सांगितलं नव्हतं.

ते आपली जोडी घेऊन पुढे उभे राहिले. कौसाबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "आबाजी, जोडी जरा सरकवा जी. डॉक्टरसाहेबाच्या सयपाकघरात उभी हाये."

आबाजींनी खाली पाहिलं. चुन्याची रेष बैलाच्या खुरांमधून जात होती. त्यांनी ती डोळ्यांनी पार पांदणीच्या तोंडापर्यंत नेली. मग मुलाकडे पाहिलं. विलासभाऊ उगाच झूल नीट करायला लागले.

झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या. सगळे तोरणाकडे बघत होते. आबाजींनी कासरा ओढला, जोडी खांबाला वळसा घालून बाहेर काढली आणि घराकडे चालू लागले. त्यांच्यामागे एकेक जोडी तशीच, वळसा घालून गेली. तोरण तसंच राहिलं. यंदा बैल पळाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, वर तोरण बघितलं आणि कुदळ खांद्यावरून उतरवलीच नाही. "पोळा फुटला नाई, भाऊ. जमिनीले लोखंड कसं लावू?"

विलासभाऊ तडक आमच्या छपरीत. समितीनेच तोरण तोडावं म्हणाले. दोन्ही अध्यक्ष एकमेकांकडे बघायला लागले. कौसाबाईंनी चहाचा घोट घेतला.

"मान तुमच्या घरचा हाये," त्या म्हणाल्या. "आमी कसं तोडावं?"

विलासभाऊ घरी गेले. आबाजी बैलांना पुरणपोळी चारत होते. तोरण कधी तोडता, असं विलासभाऊंनी विचारलं.

"पाहू," आबाजी म्हणाले. "यंदा गुडघे दुखून राह्यले."

दिवाळी झाली. पानं वाळून तपकिरी झालीत, सुतळी मात्र शाबूत आहे. शाळेत जाताना मी सायकलवरून उतरते आणि खांबाला वळसा घालते.